भंडारदरा : शंभर वर्षांचं पाणी, पन्नास दिवसांची गर्दी

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण सुट्टी लागली की नगर, संगमनेर, नाशिककडची मंडळी पोराबाळांना घेऊन अकोले तालुक्यातल्या शेंडीची वाट धरतात. जिल्ह्याची चौपाटी म्हणावी ती इथेच, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी. येत्या १० डिसेंबर २०२६ रोजी या धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने त्याची वाटचाल पाहायला हवी, कारण हा काठ फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठच्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळला. घाटमाथ्यावर पावसाचा धुमाकूळ आणि खाली श्रीरामपूर-नेवाशाकडे कोरडी शेतं, असा हा उलटा संसार. रतनगडाजवळ उगवणारी प्रवरा डोंगरातच अडवली तर तिचं पाणी खाली नेता येईल, हा त्यावरचा तोडगा. १९१० मध्ये बांधकामाला सुरुवात झाली. दगड-चुन्याची सुमारे २७० फूट उंचीची भिंत सोळा वर्षांत उभी राहिली आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. भिंतीला नाव मिळालं विल्सन, जलाशयाला आर्थर. लोकांनी मात्र गावाचंच नाव चालवलं.

साठवण अकरा टीएमसीच्या आसपास. या पाण्याने प्रवरेच्या दोन्ही कालव्यांवर ऊस उभा केला. त्याच उसाच्या जोरावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला. राज्याच्या सहकाराचा इतिहास सांगताना या भिंतीला वगळता येत नाही. १९६९ मध्ये तिला तडे जाऊन गळती लागली तेव्हा खालच्या गावांचा जीव टांगणीला लागला होता. पुढे मजबुतीकरण झालं आणि भिंत पुन्हा कामाला लागली. पायथ्याशी आणि खाली कोदणीला वीजही तयार होऊ लागली. खालच्या अंगाला निळवंडे धरण झालं आणि २०२३ मध्ये त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं.

पर्यटन आलं ते या सगळ्याच्या मागून. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. जलाशयाकाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान झालं. बोटीने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं दर्शन, साम्रदची सांदण दरी, पावसाळ्यात रंधा धबधबा असा ठरलेला फेरा सुरू झाला. मेअखेर-जूनमध्ये हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात आणि अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. काठावरच्या आदिवासी कुटुंबांनी तंबू लावले, घरातली चूल पाहुण्यांसाठी पेटवली. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि हंगामात काळभाताचा वाफाळता भात, हा इथला पाहुणचार.

पण इथला किनारा महिन्यागणिक सरकतो. ऑगस्टमध्ये पाणी झाडांच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. मे महिन्यात तेच पाणी खूप खाली गेलेलं, उतारावर लाल मातीचे पट्ट्यामागून पट्टे आणि तळाशी भेगाळलेला गाळ. पाहुणे कुरकुरतात, ‘तळं आटलंय.’ आटलेलं नसतं, कालव्यांचं आवर्तन सुटलेलं असतं. ते पाणी कुठल्या तरी टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात आणि कुठल्या तरी गावाच्या नळाला पोहोचलेलं असतं. शिवाय दुष्काळी वर्षांत समन्यायी वाटपाच्या नियमाने खाली जायकवाडीलाही सोडावं लागतं, आणि दर वेळी वाद पेटतो. रंध्याचंही तसंच. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यामुळे तो ऐन पावसाळा सोडला तर बहुधा मुका असतो.

भंडारदऱ्याचं यश पर्यटकांच्या गर्दीवर मोजू नये. धरण आधी शेताचं आणि तहानेचं आहे, हे एकदा मान्य केलं की काठावर कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांच्याच घरी उतरावं, त्यांच्याच हातचं जेवावं, काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट बंद ठेवावेत. बाटल्या, थर्माकोल, पत्रावळ्या परत आपल्याच गाडीत न्याव्यात. कारण इथे टाकलेला कचरा ज्या पाण्यात जातो, तेच पाणी खाली कुणीतरी हंड्यात भरून घेणार आहे.