तुरीचं पुरण, हरभऱ्याचं पुरण

पाडव्याच्या आदल्या दिवशी बंगळुरातल्या यशवंतपूरच्या किराणा दुकानांत दोन तऱ्हेच्या याद्या निघतात. एकीत हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ आणि गव्हाचं पीठ. दुसरीत तुरीची डाळ, गूळ, वेलची, मैदा आणि चिरोटी रवा. दोन्ही घरांना दुसऱ्या दिवशी एकच पक्वान्न करायचं असतं. मराठी घर त्याला पुरणपोळी म्हणतं, कानडी घर ओब्बट्टू किंवा होळिगे. तमिळ नववर्ष सौर पंचांगाप्रमाणे एप्रिलच्या मध्यात येतं. गुढीपाडवा आणि युगादी मात्र एकाच चैत्र प्रतिपदेला येतात, कारण दोन्ही समाजांचं शालिवाहन शकाचं चांद्र पंचांग एक आहे. म्हणून एकाच मजल्यावरच्या दोन स्वयंपाकघरांत एकाच सकाळी डाळ शिजत असते.

सोसायटीत प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा बेत ठरला, की या दोन पोळ्या शेजारीशेजारी ताटात येतात आणि वाद ठरलेला असतो: मूळची कुणाची?

याचं झटपट उत्तर शहाजीराजांकडे बोट दाखवतं. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेनं बंगळूर घेतलं, त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे हा मुलूख त्यांच्या जहागिरीत आला. त्यांच्यानंतर तो व्यंकोजी ऊर्फ एकोजीकडे गेला. यशवंतपूरला लागून असलेल्या मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाजवळ 1669 चा शिलालेख आहे. त्यात एकोजीनं देवाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. 1687 मध्ये मोगलांनी शहर काबीज केलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना विकलं. म्हणजे मराठ्यांचा अंमल सुमारे अर्धशतकाचा. तेवढ्या काळात पुणे प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी आपली पोळी इथं रुजवली, असं म्हणायला सोपं आणि मराठी कानाला गोडही लागतं.

पण ते पटत नाही, आणि न पटण्याचं पहिलं कारण खुद्द कानडीत आहे. जुन्या कानडीतला शब्दारंभीचा ‘प’ मध्ययुगात हळूहळू ‘ह’ झाला. दुधाला तमिळमध्ये आजही ‘पाल’ म्हणतात, कानडीत ते ‘हालु’ झालं. ‘होळिगे’ आणि ‘हूरण’ याच वाटेनं पोळी आणि पुरण यांच्याशी जुळतात. हा बदल शहाजीराजांच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. सतराव्या शतकात मराठी घरांनी ही पोळी नव्यानं आणली असती, तर तिचा ‘प’ तसाच राहिला असता.

मग मागं जायचं ते कल्याणीला. आजचं बसवकल्याण, बीदर जिल्हा. तिथं बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करत होता. त्याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण 1130 च्या सुमाराचा. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजानं कसं राज्य करावं याबरोबर कसं जेवावं हेही आहे. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पोलिका, वेष्टिका असे गव्हाच्या कणकेचे पदार्थ येतात. आजचे मांडे, पोळ्या आणि सारण भरलेल्या पोळ्या यांची घराणी इथवर सहज नेता येतात. याच ग्रंथात गाण्यांच्या उदाहरणांमध्ये मराठी ओळीही आहेत आणि कानडीही. ज्या दरबारात दोन्ही भाषा गायल्या जात होत्या, तिथल्या मुदपाकखान्यात पोळीची वाटणी मराठी आणि कानडी अशी कोण करणार? पुरणपोळीचा जन्म महाराष्ट्रात की कर्नाटकात, हा प्रश्नच त्या काळाला लागू पडत नाही. ती दख्खनची पोळी आहे, आणि इतकं स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

पुढच्या चारशे वर्षांत कानडीनं पाकशास्त्राचा स्वतःचा ग्रंथ घडवला. तिसऱ्या मंगरसाचं ‘सूपशास्त्र’ 1508 च्या सुमाराचं, म्हणजे शहाजीराजे बंगळुरात येण्याच्या सव्वाशे वर्षं आधीचं. ते षट्पदी वृत्तात आहे आणि त्यात पिठाच्या पदार्थांना स्वतंत्र अध्याय आहे. मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या त्या सुरुवातीच्या पुस्तकाचं नावही ‘सूपशास्त्र’च.

मराठ्यांचा दक्षिणेतल्या स्वयंपाकाशी संबंध मात्र खरा आहे, आणि त्याचा धागा बंगळूरमार्गेच जातो. एकोजी इथून तंजावरला गेला आणि 1670 च्या दशकात तिथं राजा झाला. त्याच्या राणीच्या, दीपाबाईच्या आश्रयानं रघुनाथ गणेश नवहस्ते या पंडितानं ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्य, भाज्या, पक्वान्नं आणि त्यांचे गुणदोष यांचा तो मोठा संग्रह आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी जिलबीसारख्या पदार्थांचा इतिहास लिहिताना तो बारकाईनं वापरला. मराठी सरदार दक्षिणेत स्वयंपाक शिकवायला गेले नव्हते. तिथलं अन्न त्यांनी खाल्लं, आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या विद्वानानं खाद्यपदार्थ लिहून ठेवले. हे काम लहान नव्हे.

आता मुख्य प्रश्न: मूळ एक, तर पोळ्या वेगळ्या का?

डाळीपासून बघू. हरभरा हे रब्बीचं पीक. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ते हिवाळ्यात वाढतं. सोलापूर, विजापूर, धारवाडचा पट्टा असा आहे, आणि धारवाडी होळिगेतही हरभऱ्याचीच डाळ असते. जुन्या म्हैसूर राज्याची जमीन लाल. तिथं नाचणीच्या रानात ओळीओळीनं तूर आणि अवरे, म्हणजे पावट्याच्या जातीचं कडधान्य, पेरायची रीत होती. सणाच्या दिवशी घरात जी डाळ होती तीच गुळात पडली. म्हणून बंगळुरी ओब्बट्टूचं पुरण तुरीचं: मऊ, किंचित ओलसर, रंगानं फिकं. हरभऱ्याचं पुरण दाणेदार आणि घट्ट, झारा उभा राहील असं आटवता येतं. सीमा भाषेची नाही, मातीची आहे. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, अरसीकेरे, तुमकूर या रेल्वेमार्गावर दक्षिणेकडे उतरत गेलं, की ताटातली डाळ बदलते. यशवंतपूर त्या मार्गाच्या बंगळूरकडच्या टोकाला आहे आणि पुण्याकडून येणारा हमरस्ताही तुमकूर रोडनं इथूनच शहरात शिरतो. त्यामुळे दोन्ही पोळ्यांची गाठ पडायची ती याच भागात.

वरच्या आवरणाचंही तसंच. उत्तरेच्या काळ्या रानात खपली आणि इतर गहू पिकत होता, तेव्हा घरी दळून, वस्त्रगाळ करून कणीक भिजवता यायची. नाचणी-भाताच्या म्हैसूर मुलखात गहू बाजारातून यायचा. मैदा आणि बारीक रवा गिरणीतून पिशवीत मिळू लागल्यावर तिथल्या घरांनी तेच उचललं. हा रवा इतका या कामाचा आणि चिरोट्यांचा, की बंगळुरात त्याचं नावच चिरोटी रवा. हळद घालून सैल भिजवलेली ही कणीक तेलात बुडवून दोन-तीन तास ठेवतात. ती इतकी ताणली जाते, की लाटण्याची गरज उरत नाही. तेल लावलेल्या केळीच्या पानावर गोळा ठेवून तळहातानं थापतात, पान तसंच तव्यावर उलटं टाकतात आणि अलगद सोडवून घेतात. मराठी सुगरण तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं लाटते आणि कडेपर्यंत पुरण पोचलं की नाही ते बघते.

लाटणं हीच खरी मराठी रीत, असा समज मात्र खानदेशात टिकत नाही. तिथं पुरणाचे मांडे हातावर झेलत, फिरवत मोठे करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर भाजतात. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लाटण्याविना पोळी करण्याचं कौशल्य मराठी मुलखाला परकं कधीच नव्हतं.

नारळ हा तिसरा फरक. तुमकूर जिल्ह्यातलं तिपटूर खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि बंगळुरात खोबरं-गुळाचा कायी ओब्बट्टू डाळीच्या ओब्बट्टूइतकाच मानाचा. डाळीच्या पुरणातही तिथं ओलं खोबरं पडतं. देशावरच्या घरात ते कुणी घालत नाही. गूळही बदलतो. मंड्याचा अच्चु बेल्ला साच्यातून छोट्या वड्यांसारखा येतो, कोल्हापुरी गूळ ढेपेत.

दोन्ही घरांचं नातं सगळ्यात घट्ट दिसतं ते मात्र पोळीत नाही, उरलेल्या पाण्यात. शिजलेल्या डाळीवरचं पाणी मराठीत कट, कानडीत कट्टु. ते फेकायचं नाही, हा नियम दोन्हीकडे. मराठी घरात चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून कटाची आमटी होते. बंगळुरी घरात चिंच, सारूची म्हणजे रसमची पूड, ओलं खोबरं, मोहरी-कढीपत्ता-हिंगाची फोडणी, आणि मूठभर पुरण त्यातच विरघळवून ओब्बट्टिन सारू. शेजारच्या वाटीत बुडवून बघितलं, की दोन्हीकडच्या आज्या एकच गोष्ट सांगतात: दुसऱ्या दिवशी शिळी जास्त चांगली लागते.

हल्ली बंगळुरात होळिगे करून विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. केळीच्या पानाची जागा प्लॅस्टिकच्या कागदानं घेतली आहे, आणि गाजर, खजूर, खवा असं काहीही पुरणात शिरतं. पण मागणी सर्वाधिक असते ती डाळीच्या होळिगेला. यशवंतपूर-मल्लेश्वरमच्या मराठी घरांनी यातून आपापला मध्यममार्ग काढला आहे. पुरण हरभऱ्याचंच ठेवायचं, जायफळ सोडायचं नाही, पण कणकेत थोडा चिरोटी रवा मिसळायचा, म्हणजे पोळी तव्यावर फुटत नाही. कानडी शेजारीण आमटीचा वास ओळखून गोडा मसाला मागायला येते आणि जाताना सारूची पूड देऊन जाते.