नागपूरचा पक्ष, अलीगडचा विजय : उत्तर प्रदेशात रिपब्लिकन पक्षाची उभारणी

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतीय रिपब्लिकन पक्षाचे तीन उमेदवार लोकसभेवर निवडून आले. अलीगडमधून बुद्धप्रिय मौर्य, हाथरसमधून ज्योतिस्वरूप आणि मुरादाबादमधून सय्यद मुजफ्फर हुसेन. हे तिन्ही मतदारसंघ उत्तर प्रदेशातील होते. ज्या महाराष्ट्रात हा पक्ष जन्माला आला, त्या राज्यातून त्या वर्षी त्याचा एकही खासदार दिल्लीत पोहोचला नाही. खुद्द कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनाही नाशिकची जागा राखता आली नाही आणि पुढे ते राज्यसभेवर गेले. उत्तर प्रदेश विधानसभेत पक्षाला आठ जागा मिळाल्या, महाराष्ट्र विधानसभेत तीन. पक्षाची शाखा मूळ खोडापेक्षा उंच वाढल्याचे हे चित्र मराठी वाचकांच्या स्मरणात फारसे नाही. रिपब्लिकन चळवळीचा इतिहास आपल्याकडे बहुधा नागपूर, मुंबई आणि नाशिक या त्रिकोणातच सांगितला जातो.

पक्षाची औपचारिक स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात झाली. त्यापूर्वी सुमारे दहा महिने, ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन झाले होते. अनुसूचित जातींपुरत्या मर्यादित असलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे विसर्जन करून सर्व शोषितांना आणि लोकशाहीवादी नागरिकांना सामावून घेणारा पक्ष उभारावा, ही कल्पना त्यांची होती. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम अनुयायांवर आले. मद्रासचे एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. १९४२ साली नागपुरातच भरलेल्या ज्या परिषदेत फेडरेशनची स्थापना झाली, तिचे अध्यक्षस्थानही शिवराज यांनीच भूषविले होते.

उत्तर प्रदेशात मात्र पक्षाला कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली नाही. स्वामी अछूतानंद यांच्या आदि-हिंदू चळवळीने १९२० च्या दशकातच कानपूर आणि आसपासच्या शहरांत स्वतंत्र अस्मितेची भाषा रुजविली होती. १९४६-४७ मध्ये फेडरेशनने पुणे आणि नागपूरबरोबर लखनौतही विधिमंडळासमोर सत्याग्रह केला आणि तेथील कार्यकर्त्यांनी तुरुंगवास पत्करला. २५ एप्रिल १९४८ रोजी लखनौला झालेल्या फेडरेशनच्या परिषदेत बाबासाहेबांनी दलित आणि मागासवर्गीयांनी एकत्र येऊन राजकीय सत्ता हाती घ्यावी, असे प्रतिपादन केले. ते त्या वेळी केंद्रात कायदामंत्री होते. या भाषणावरून काँग्रेसमध्ये नाराजी उमटली आणि त्यांना पंतप्रधान नेहरूंकडे खुलासा करावा लागला. मतपेटीत मात्र या मशागतीचे पीक लगेच आले नाही. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत फेडरेशनच्या दोन्ही जागा, सोलापूर आणि करीमनगर, दक्षिणेकडील होत्या. १९५७ मध्ये सहा जागा मिळाल्या, त्यांतील बहुतेक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर तत्कालीन मुंबई राज्यातून. उत्तर प्रदेश दोन्ही वेळा कोरडाच राहिला.

पाच वर्षांत तेथे काय बदलले, याचे उत्तर आधी आग्र्यात शोधावे लागते. आग्र्याचा पादत्राण उद्योग मोठ्या प्रमाणावर जाटव कारागिरांच्या हातांवर उभा होता. हिंग की मंडी ही तेथील जोड्यांची घाऊक बाजारपेठ. माल विकत घेणारे आढतिये रोख पैसे न देता पुढील तारखेची ‘पर्ची’ देत, ती वटविताना कारागिराला कसर सोसावी लागे, आणि कातड्यासाठी त्याला पुन्हा व्यापाऱ्याच्याच दारात उभे राहावे लागे. शोषण होतेच. परंतु गावातील जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या मजुरापेक्षा या कारागिराची स्थिती एका बाबतीत वेगळी होती : त्याचे घर, त्याचा कारखाना आणि त्याची वस्ती गावच्या पाटीदाराच्या मेहेरबानीवर अवलंबून नव्हती. त्यामुळे तो वर्गणी देऊ शके, सभेला जाऊ शके आणि काँग्रेसविरोधी मत उघडपणे मांडू शके. विसाव्या शतकाच्या आरंभी याच समाजातील सुशिक्षितांनी क्षत्रियत्वाचा दावा करणाऱ्या जातसभा काढल्या होत्या. त्यांची पुढची पिढी फेडरेशनकडे आणि नंतर बौद्ध धम्माकडे वळली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ओवेन लिंच यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आग्र्यातील जाटवांवरील ग्रंथात हे वळण बारकाईने नोंदविले आहे. वरच्या जातीचा दर्जा मागण्यापेक्षा नागरिक म्हणून हक्क मागणे अधिक फलदायी आहे, हे या वस्त्यांना प्रौढ मताधिकाराने शिकविले, असा त्यांच्या निरीक्षणाचा रोख आहे.

१८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांची आग्र्यात मोठी सभा झाली. या सभेत त्यांनी शिकल्यासवरल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत व्यक्त केल्याची आठवण उत्तर भारतातील आंबेडकरी कार्यकर्ते आजही सांगतात. दीड वर्षाने नागपुरात पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याचा फलक लावण्यासाठी आग्र्यात कोणाला शोधत फिरण्याची गरज नव्हती. फेडरेशनचे कार्यकर्तेच रिपब्लिकन झाले आणि हत्ती हे परिचित चिन्हही त्यांच्यासोबत आले.

धर्मांतराने मात्र एक पेच निर्माण केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शिखांपुरता मर्यादित होता. बौद्धांना तो मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे जो कार्यकर्ता जाहीरपणे दीक्षा घेईल, त्याला राखीव जागेवर उभे राहता येणार नव्हते. हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. महाराष्ट्रातील एका राखीव विधानसभा मतदारसंघातून १९६२ मध्ये निवडून आलेल्या उमेदवाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तो बौद्ध झाला असल्याने राखीव जागेस पात्र नाही, असा निर्णय १९६४ मध्ये झाला. आग्र्यातील अनेक कुटुंबांनी यावर व्यवहारी तोड काढली होती : घरात बुद्धमूर्ती, सरकारी कागदावर जाटव. पक्षाच्या नेत्याला मात्र अशी सोय परवडणारी नव्हती. बौद्ध म्हणून उघडपणे वावरणाऱ्या नेत्यापुढे सर्वसाधारण मतदारसंघ हाच मार्ग उरत होता आणि तेथे केवळ स्वजातीच्या मतांवर विजय अशक्य होता.

बुद्धप्रिय मौर्य यांचे अलीगड हा असाच मतदारसंघ. १९५७ मध्ये अलीगड हा द्विसदस्य मतदारसंघ होता आणि दोन्ही जागा काँग्रेसकडे होत्या. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. हाथरस राखीव झाले आणि अलीगड सर्वसाधारण. मौर्य यांनी अलीगड मुस्लिम विद्यापीठात कायद्याचे अध्यापन केले होते, त्यांचे वक्तृत्व आक्रमक होते आणि शहरातील मुस्लिम सुशिक्षितांशी त्यांचा परिचय होता. त्यातच ऑक्टोबर १९६१ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थी संघाच्या निवडणुकीचे निमित्त होऊन अलीगडमध्ये जातीय दंगल उसळली आणि तिचे लोण पश्चिम उत्तर प्रदेशातील अन्य शहरांत पोहोचले. सत्तारूढ काँग्रेस आपले संरक्षण करू शकली नाही, ही भावना मुस्लिम समाजात पसरली. निवडणूक अवघ्या चार महिन्यांवर होती.

रिपब्लिकन पक्षाने ही संधी साधली, असे म्हणणे सोपे आहे. पण संधी साधण्यासाठी आधी संघटना लागते, आणि ती वस्त्यांमध्ये तयार होती. ‘जाटव-मुस्लिम भाई-भाई’ ही घोषणा त्या निवडणुकीत गाजली. पक्षाने मुस्लिम उमेदवारांना तिकिटे दिली. मुरादाबादची जागा त्यातूनच आली. फेडरेशनच्या जातीय चौकटीबाहेर पडण्याचा बाबासाहेबांचा हेतू मतदानाच्या आकड्यांत सर्वप्रथम उतरला तो येथे. त्यासाठी नागपूरहून आलेला आराखडा कारणीभूत नव्हता. त्या काळात मध्यवर्ती नेतृत्वाची शक्ती महाराष्ट्रातील कलहात खर्च होत होती. स्थापनेनंतर दोन वर्षांतच पक्ष फुटला होता. बी. सी. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ आणि गायकवाडांचा गट ‘नादुरुस्त’ म्हणून ओळखला जाऊ लागला होता. भाडोत्री घराच्या डागडुजीसाठी शोभावीत अशी ही नावे मराठी राजकारणात बराच काळ गांभीर्याने वापरली गेली.

दुसरा टप्पा ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहाचा. भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतनाची अंमलबजावणी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र अशा मागण्यांसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली लाखो कार्यकर्त्यांनी अटक करवून घेतली. (तैलचित्राची मागणी पूर्ण झाली ती १९९० मध्ये.) उत्तर प्रदेश शाखेच्या दृष्टीने या लढ्याचे महत्त्व असे की, शहरी कारागिरांच्या पक्षाला त्याने खेड्यातील भूमिहीनाच्या प्रश्नाशी जोडले. १९६७ मध्ये पक्षाला विधानसभेत दहा जागा मिळाल्या. लोकसभेत मात्र एकच जागा आली. तीही उत्तर प्रदेशातीलच, पण पश्चिमेकडील नव्हे : अवधमधील अकबरपूर या राखीव मतदारसंघातून रामजी राम विजयी झाले. अलीगड हातचे गेले होते.

दहा आमदारांचा हा गट लखनौत स्थापन झालेल्या बिगरकाँग्रेसी संयुक्त विधायक दलात सामील झाला. जनसंघापासून कम्युनिस्टांपर्यंत सर्वांचा समावेश असलेल्या त्या आघाडीत मुस्लिम मतदारांच्या पाठिंब्यावर वाढलेल्या पक्षाची कुचंबणा होणे अटळ होते. त्याच सुमारास महाराष्ट्रात गायकवाड गट काँग्रेसशी समझोता करीत होता. एकाच पक्षाची एक शाखा काँग्रेसविरोधी सरकारच्या पाठीशी आणि दुसरी काँग्रेसच्या सोबत, अशी स्थिती झाली. प्रादेशिक स्वातंत्र्य हे १९६२ मध्ये या शाखेचे बळ ठरले होते. पाच वर्षांनी त्याच स्वातंत्र्यापायी पक्षाला राज्याराज्यांत समान धोरणच राहिले नाही.

१९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत विधानसभेत एकच जागा उरली. मतांचा वाटा मात्र जागांइतका कोसळला नव्हता. तिन्ही निवडणुकांत तो चार टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे मतदार बऱ्याच अंशी जागेवरच होता. तुटली होती ती आघाडी, आणि त्यानंतर नेतेही निघाले. मौर्य काँग्रेसमध्ये गेले, १९७१ मध्ये त्या पक्षातर्फे हापूडमधून लोकसभेवर निवडून आले आणि पुढे इंदिरा गांधी यांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. रामजी रामही १९७१ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून विजयी झाले. या शाखेतील आणखी एक प्रमुख नाव लखनौचे छेदीलाल साथी यांचे. अतिमागास वर्गांसाठी राज्य सरकारने १९७५ मध्ये नेमलेला आयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गेलेल्यांची जागा घेणारी दुसरी फळी पक्षाने तयार केली नव्हती. वर्गणी देणारा कारागीर होता, सभा गाजविणारा वक्ता होता. या दोहोंच्या मधला पूर्णवेळ संघटक नव्हता.

ही उणीव पुण्यात एका पंजाबी सरकारी कर्मचाऱ्याच्या ध्यानात आली होती. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारे कांशीराम काही काळ रिपब्लिकन पक्षाच्या कामात होते. गटबाजीला कंटाळून ते बाहेर पडले. १९७८ मध्ये त्यांनी ‘बामसेफ’ ही सुशिक्षित कर्मचाऱ्यांची संघटना आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन केला. उत्तर प्रदेशात या पक्षाला जुन्या रिपब्लिकन वस्त्या आयत्या मिळाल्या, आणि निवडणूक चिन्ह म्हणून हत्तीही मिळाला. अकबरपूर हे शहर १९९५ मध्ये फैजाबादचे विभाजन करून निर्माण झालेल्या आंबेडकरनगर जिल्ह्याचे मुख्यालय झाले; तेथूनच मायावती १९९८, १९९९ आणि २००४ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या.