सेन्सरी रूम म्हणजे काय? घरात अशी खोली करताना काय घ्यायचं, काय टाळायचं?

लग्नात डीजे सुरू होतो आणि एखादं मूल कान दाबून घेतं, किंचाळतं, हात सोडवून पळतं. आजूबाजूचे लोक म्हणतात, "लाडावलंय." पण स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या अनेक मुलांसाठी हा हट्ट नसतो. तो आवाज त्यांना खरोखरच सहन होत नाही. याच्या उलट काही मुलांना नेहमीचा स्पर्श, नेहमीची हालचाल पुरत नाही. ती सतत उड्या मारतात, गोल फिरतात, गादीवर अंग झोकून देतात.

अशा मुलांसाठी 'सेन्सरी रूम' करतात, हे आता रील्समुळे बऱ्याच पालकांना माहीत झालं आहे. निळसर अंधार, पाण्यातून वर जाणारे बुडबुडे, चमकणाऱ्या दोऱ्या. बघायला छान वाटतं आणि लगेच प्रश्न पडतो, आपल्या लेकरासाठी हे सगळं आणायचं का?

समजा हा प्रश्न बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यातल्या एका घराला पडला. महामार्गावरचं गाव, दिवसरात्र ट्रकचे हॉर्न, उन्हाळ्यात तापणारे पत्रे, मधेच जाणारी वीज. अशा घरात पैसे आधी कशावर खर्च करायचे?

थोडक्यात उत्तर असं: सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात उपयोगी असते असं नाही. जी वस्तू मुलाला स्वतः सुरू आणि बंद करता येते, ती जास्त उपयोगी.

ही कल्पना आली कुठून?

१९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या 'हार्टनबर्ग' या संस्थेत यान हुल्सेगे आणि आद फर्हुल यांनी गंभीर बौद्धिक दिव्यांगता असलेल्या लोकांसाठी प्रकाश, आवाज, वास आणि स्पर्श यांचा अनुभव देणारी जागा तयार केली. तिला 'स्नूझेलेन' असं नाव पडलं. हुंगणं आणि डुलकी घेणं या अर्थाच्या दोन डच शब्दांपासून हा शब्द बनला. म्हणजे कुतूहल आणि आराम या दोन्ही गोष्टी त्या नावातच आहेत.

त्याच सुमारास अमेरिकेत जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी 'सेन्सरी इंटिग्रेशन'चा सिद्धांत मांडला. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्याशिवाय आणखी दोन संवेदना त्यांनी महत्त्वाच्या मानल्या. एक म्हणजे तोल, जो आतल्या कानातून कळतो. दुसरी म्हणजे आपलं अंग कुठे आहे, किती जोर लागतोय याचा अंदाज, जो स्नायू आणि सांध्यांतून कळतो. झोका आणि जड गोधडी यांचा संबंध या दोन संवेदनांशी आहे.

आपल्याकडेही ही कल्पना आता सार्वजनिक जागांपर्यंत पोहोचली आहे. नागपूरच्या पारडी भागातल्या 'अनुभूती इन्क्लुझिव्ह पार्क'च्या आराखड्यात स्पर्श आणि गंध यांची बाग आहे.

संशोधन काय सांगतं?

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १२ वर्षांच्या ४१ स्वमग्न मुलांना सेन्सरी रूममध्ये पाहिलं. दिवे आणि आवाज बदलण्याचं नियंत्रण मुलांकडे होतं तेव्हा त्यांचं लक्ष जास्त लागलं आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या. खोली तीच आणि वस्तूही त्याच. फरक होता तो नियंत्रण कुणाकडे आहे याचा.

दुसरी बाजूही माहीत हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०१२ मध्ये सांगितलं की अशा उपचारपद्धती एकूण उपचारांचा एक भाग म्हणून वापरता येतील, पण त्यांच्यावरचं संशोधन मर्यादित आहे आणि त्यातून ठोस निष्कर्ष निघत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावं.

म्हणूनच "आमचं किट घ्या, ऑटिझम बरा होईल" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. सेन्सरी रूम हा इलाज नाही. मुलाला सावरायला, खेळायला, थोडं मोकळं व्हायला मिळणारी ती जागा आहे.

खरेदीच्या आधी: एक आठवडा, एक वही

कोणतीही वस्तू मागवण्याआधी आठवडाभर मुलाचं निरीक्षण करा आणि या गोष्टी लिहून ठेवा:

- मूल कशाने बिथरतं? मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, ट्यूबलाइट, गर्दी, कपड्याचं लेबल?
- कोणत्या वेळी? शाळेतून आल्यावर, जेवताना, झोपेच्या आधी?
- ते स्वतःहून काय शोधतं? कोपरा, अंधार, उड्या, घट्ट मिठी, पाणी?
- शांत होतं ते कशाने आणि किती वेळात?

या वहीतून मुलाला काय कमी करून हवंय आणि काय जास्त हवंय, ते कळतं. एकाच मुलाला आवाज नकोसा आणि हालचाल हवीहवीशी असू शकते.

पहिली पायरी: त्रास कमी करा

यासाठी सगळ्यात कमी पैसे लागतात. रस्त्यापासून लांबचा कोपरा निवडा. खिडकीला जाड पडदा लावा. लुकलुकणारी ट्यूब काढून मंद पिवळा बल्ब लावा. भिंतीवरची चित्रं, खेळण्यांचा पसारा कमी करा. उदबत्ती आणि रूम फ्रेशनर त्या जागी नको.

कानावर लावायचे इअरमफ कारखान्यातल्या कामगारांसाठीही मिळतात, पण मुलाच्या डोक्याच्या मापाचे घ्यावेत. ते दिवसभर लावून ठेवू नयेत. वरात, फटाके, मिरवणूक अशा वेळेपुरते वापरावेत.

पत्र्याच्या घरात उष्णता हाही मोठा त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये बंद तंबूत किंवा रेक्झिनच्या गादीवर कोणतंही मूल शांत बसणार नाही. सुती कापड, खेळती हवा आणि आवाज न करणारा पंखा हवा.

शांत करणाऱ्या वस्तू

कोपरा किंवा तंबू: बाजेवर चादर टाकली तरी मुलाच्या मापाची गुहा तयार होते. बाहेर पडायची वाट मात्र नेहमी मोकळी असावी.

जड गोधडी: अंगावर येणारा सारखा दाब काही मुलांना आवडतो. ब्रिटनमधल्या ६७ स्वमग्न मुलांच्या अभ्यासात (२०१४) वजनदार पांघरुणाने झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. त्यामुळे झोपेची हमी म्हणून महागडं ब्लँकेट घेऊ नका. घरातली जाड गोधडी आधी वापरून बघा. वजनदार पांघरूण घ्यायचं असेल तर किती वजनाचं, हे थेरपिस्टला विचारा. मुलाला ते स्वतः बाजूला करता आलंच पाहिजे. तोंड झाकू नये, गुंडाळून ठेवू नये, शिक्षा म्हणून वापरू नये. तान्ह्या बाळांसाठी तर ते अजिबात नाही.

बीन बॅग: कव्हर सुती आणि धुता येणारं हवं. आतल्या थर्माकोलच्या गोळ्या मुलाला काढता येणार नाहीत अशी चेन हवी.

गुंतवून ठेवणाऱ्या वस्तू

झोका: पुढे-मागे संथ झोका बहुतेक वेळा शांत करतो, गोल गोल फिरणं उत्तेजित करतं. झोका हलताना छतावर मुलाच्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो. म्हणून पत्र्याच्या अँगलला किंवा जुन्या माळवदाच्या लाकडाला तो टांगू नये. स्लॅबमध्ये बसवलेला हूक जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्यावा आणि खाली गादी टाकावी. साडीच्या झोळीत मुलाला एकटं सोडू नये, गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

जोर लागणारी कामं: यासाठी तर काही विकत आणावं लागत नाही. भाकरीचं पीठ मळणं, पाण्याची छोटी कळशी उचलणं, उशांचा ढीग ढकलणं. यातून स्नायूंना आणि सांध्यांना काम मिळतं आणि मूल घरच्या कामातही सामील होतं.

स्पर्शाचा डबा: परातीत ज्वारी, तूर किंवा वाळू आणि त्यात लपवलेले चमचे, वाट्या. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला दाणे देऊ नयेत, त्याच्यासाठी मळलेली कणीक बरी.

बबल ट्यूब आणि दिवे: यांच्यावरच सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून यांचा नंबर शेवटी. बबल ट्यूबला सतत वीज लागते, पाणी वेळोवेळी बदलावं लागतं, नळी भिंतीला पक्की बसवावी लागते. वीज गेली की ती अचानक बंद पडते आणि तेवढ्यानेही काही मुलं बिथरतात. त्याऐवजी मोठ्या बटणाचा, चार्ज होणारा, रंग बदलणारा छोटा दिवा घेतला तर बटण मुलाच्या हातात राहतं.

हे टाळाच

- झपाझप उघडझाप करणारे दिवे. काही मुलांना त्यामुळे फिट येऊ शकते आणि स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.
- पाण्यात फुगणारे जेलचे मणी. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात.
- बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं असलेली, सहज उघडणारी खेळणी.
- काचेचे आरसे. त्याऐवजी ॲक्रिलिकचे घ्या.
- सगळं एकदम सुरू करणं. एका वेळी एकच नवी वस्तू आणा, काही दिवस बघा, मग पुढची.

मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (आरबीएसके) अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. विकासात अडचण दिसली तर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवण्याची तरतूद आहे. चौसाळ्याच्या पालकांनी अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करावी आणि पुढे बीडला कुठे, कोणत्या दिवशी जायचं ते विचारून घ्यावं. शाळेतल्या मुलासाठी समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक कधी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारावं.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्टची भेट मिळाली तर आठवडाभर लिहिलेली वही सोबत न्या. "कोणतं किट घेऊ?" यापेक्षा "माझं लेकरू अशा वेळी असं का करतं?" हा प्रश्न विचारा. त्याच्या उत्तरातून काय घ्यायचं ते ठरेल आणि कधी कधी काहीच घ्यावं लागणार नाही.

खोली जमली की नाही, कसं ओळखायचं?

मूल स्वतःहून तिथे जातं का? नको झालं की स्वतः बाहेर येतं का? आधी अर्धा तास लागायचा, आता सावरायला कमी वेळ लागतो का? या प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर एक गोधडी आणि एक दिवा असलेला कोपराही पुरेसा आहे. आणि मूल आत जायलाच तयार नसेल, तर वस्तू वाढवण्याआधी ती वही पुन्हा उघडून बघा.