मेली वॅगन सव्वा लाखाची

आमच्या कोरेगावात स्टेशन म्हणजे रेल्वेचं आणि वॅगन म्हणजे मालगाडीची. त्यामुळे 'अण्णांच्या परड्यात गेली तीस वर्षं एक स्टेशन वॅगन उभी आहे' असं मी शाखेत बदलून आलेल्या नव्या साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "रेल्वेला कळवलंय का?" त्यांनी विचारलं. पुणे-मिरज लाइन गावावरून जाते, तेव्हा एखादा डबा रूळ सोडून परड्यात शिरला असावा, अशी त्यांची समजूत झाली. ती मोटार आहे असा खुलासा मी केला. "मग तिला स्टेशन कशाला जोडलंत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता.

ते आम्ही जोडलेलं नाही, अमेरिकेनं जोडलं आहे. तिकडे रेल्वे झाली तेव्हा स्टेशनं गावापासून लांब पडली. (सातारकरांना यात नवल वाटणार नाही. त्यांचं स्टेशन माहुलीला आहे.) उतारूंना आणि त्यांच्या भल्यामोठ्या ट्रंकांना हॉटेलात न्यायला आधी घोड्याच्या गाड्या होत्या. मोटारी आल्यावर सुतार मंडळी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी खोकं बसवून देऊ लागली. ती ही स्टेशन वॅगन. १९२९ साली फोर्डनं हे सुतारकाम कारखान्यात नेलं. लाकूड मिशिगनमधल्या कंपनीच्याच जंगलातलं. गाडी दिसायला देखणी, पण दरवर्षी वॉर्निश लावा, सांधे आवळा, कुरकुर ऐका. म्हणजे मोटार घेतली तरी बैलगाडीची कटकट सुटलेली नाही. आमच्याकडे ती एका पावसाळ्यात वाळवीनं फस्त केली असती.

दुसरं महायुद्ध संपलं आणि जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीपुढे प्रश्न पडला, की आता लढाई नाही तर विकायचं काय? मोटारींचे पत्रे ठोकणारे मोठे कारखाने दुसऱ्या कंपन्यांच्या कामात गुंतलेले. तेव्हा ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या रचनाकारानं एक शक्कल काढली. घरगुती यंत्रांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यांनाही जमेल अशी गाडी त्यानं आखली. त्यांच्या यंत्रांना खोल बाक देता येत नव्हता, म्हणून सगळे पत्रे सपाट आणि सरळ. १९४६ साली अशी ही अख्खी पोलादी स्टेशन वॅगन बाजारात आली. त्या जातीतली ही पहिलीच. आणि गिऱ्हाइकाला लाकडाची सवय म्हणून त्या पोलादावर रंग दिला लाकडासारखा! आपल्याकडे लोखंडी कपाटाला सागवानी रंग देतात, त्या सौंदर्यदृष्टीचं मूळ इतकं लांब असेल असं मला वाटलं नव्हतं.

विलीजच्या जीपा १९४७ पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. जोडणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावानं निघाली होती. फाळणी झाली. त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं, पण 'एम अँड एम' ही अक्षरं तीच राहिली. देशाची फाळणी झाली तरी छापील स्टेशनरी बरीचशी वाचली असणार. बँकेतल्या माणसाचं लक्ष अशा ठिकाणी आधी जातं.

तर अण्णांची गाडी विलीजची, पुस्तकात साल १९६०. अण्णांनी ती एका लिलावात घेतली, तेव्हा आमच्या तालुक्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. दिवसा आडतीचा माल, लग्नसराईत नवरदेव, आणि एरवी स्टेशनवरचे उतारू. म्हणजे अमेरिकेनं नाव ठेवलं ते काम गाडीनं खरोखर केलं ते कोरेगावातच. एसटी १९४८ साली सुरू झाली. खाजगी गाडीतून भाड्यानं माणसं नेणं कायद्यात बसत नव्हतं. कायद्यात न बसणारी माणसं ज्या गाडीत बसतात तिला आमच्याकडे 'वडाप' म्हणतात. अण्णांना हा शब्द आवडत नाही. "मी कुणाला हाका मारून बसवलं नाही," ते म्हणतात, "लोक आपणहून बसायचे, आणि जाताना सीटवर पैसे विसरून जायचे."

१९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले, आणि विलीजचं पेट्रोल इंजिन तर टाकीला तोंड लावून पिणारं. शेवटी अण्णांनी ते काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. जुनं इंजिन रहिमतपूरकडच्या एका विहिरीवर पंप ओढायला गेलं. मागच्या धुऱ्याचा एक जोड ऊसवाल्याच्या टायरगाडीखाली गेला, आणि त्याच्या जागी जीपचा आला. असं होता होता एक दिवस गाडी परड्यात लागली ती लागलीच. काकूंनी तिच्यात कोंबड्या ठेवल्या.

आता वाद सुरू झाला तो परडं मोकळं करायचं ठरल्यावर. अण्णांचा थोरला मुलगा पुण्यात असतो. त्यानं जुन्या गाड्यांच्या मिरवणुका पाहिलेल्या. त्याचं म्हणणं, गाडी पुन्हा उभी करू, होती तशी. धाकटा माझ्या वर्गातला. तो गावात आल्याची शेती करतो. पुण्याचा एक सुट्या भागांचा व्यापारी त्याच्याकडे येऊन गेला होता. काचा, दिवे, मागचं दार, सगळं सुटं करून नेण्याचे सव्वा लाख देतो म्हणाला. आल्याचा भाव पडला होता आणि धाकट्याचं पीककर्ज कुठल्या टेबलावर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते टेबल माझं. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा ही म्हण त्या व्यापाऱ्यानं शब्दशः घेतलेली दिसली.

यात आणखी एक गाठ होती. हा धाकटा जन्मला त्याच गाडीत. काकूंना साताऱ्याला दवाखान्यात नेत असताना, माहुलीच्या पुलावर, मधल्या सीटवर. अण्णा गाडी चालवत होते. म्हणजे जिच्यात जन्मला तिच्यावरच पाना चालवायला निघाला, असं थोरला फोनवरून म्हणाला, आणि धाकटा म्हणाला, "मग तू इथं येऊन जन्म घे, आणि तूच धू तिच्यातली कोंबड्यांची घाण."

मी बी.कॉम. असल्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. घसारा काढण्याच्या दोन पद्धती आम्हाला शिकवल्या होत्या. स्थिर हप्त्याच्या पद्धतीत वस्तूची किंमत ठरल्या वर्षी संपते. घटत्या शिलकीच्या पद्धतीत ती कधीच संपत नाही, नुसती झिजत जाते. मूळ किंमत पंधरा हजार धरली, दरसाल पंधरा टक्के घसारा लावला आणि साठ वर्षं मोजली, तर शिल्लक राहतात सत्याऐंशी पैसे. भंगारवाला तीस रुपये किलोनं तेराशे किलोचे एकोणचाळीस हजार देत होता. सुटे भाग सव्वा लाख. आणि मिस्त्रींनी दुरुस्तीचा अंदाज दिला सात लाख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला; त्यात कोंबड्या आधीच आत बसलेल्या.

हे मिस्त्री साताऱ्या रोडचे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली तिथं कारखाना काढला. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. नांगर आणि डिझेल इंजिनं करणारा तो कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. त्या परिसरात तीन पिढ्यांची बोटं इंजिनात काळी झाली आहेत. मिस्त्रींनी गाडीवर नखानं टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "पत्र्याचं काय भ्याव न्हाई साहेब. ह्यो सगळा सरळ हाय. आमचा पोरगा कणग्या करतो, त्यो बी ठोकून दील. पर काच कुठनं आणायची? आन् गाडीचं म्हणून जे इंजिन हुतं, ते कुठं हाय?" अमेरिकेत घरगुती यंत्रांचे पत्रे ठोकणाऱ्यांना जमावं म्हणून आखलेला पत्रा कणगीवाल्यालाही जमतो, हे मिस्त्रींनी एका टिचकीत ओळखलं.

इंजिनाची अडचण खरी होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ती मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. मॅटाडोरचं काळीज घेऊन फिरणारी आमची विलीज यात बसणार कशी? जीपचं जुनं इंजिन शोधून बसवता आलं असतं. ते तसलंच झालं असतं, तेच नव्हे. मूळचं इंजिन विहिरीवर झिजून केव्हाच भंगारात गेलं होतं.

मला या सगळ्यात मौज वाटली ती त्या ब्रूक्स स्टीव्हन्सची. गिऱ्हाइकाला गरज पडायच्या जरा आधीच नव्या वस्तूची ओढ लावायची, म्हणजे जुनी आपोआप जुनी वाटू लागते, हा विचार त्यानं १९५४ पासून अमेरिकेतल्या धंदेवाल्यांना जाहीरपणे सांगितला आणि त्या विचाराचं नाव त्याच्यामुळेच सगळीकडे झालं. आणि हाच गृहस्थ स्वतः जुन्या मोटारी जमवून विस्कॉन्सिनमध्ये त्यांचं संग्रहालय चालवत होता! लोकांना सांगायचं टाका, आणि आपण उचलून ठेवायचं. आमच्या गल्लीतल्या जुन्या पेपरवाल्याचं धोरण यापेक्षा वेगळं नाही, पण त्याला कोणी रचनाकार म्हणत नाही.

मी हे अण्णांना सांगितलं. ते ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं. म्हणाले, "त्या माणसाला विचार, काच मिळंल का." तो १९९५ साली वारला, असं मी सांगितलं. "मग राहू दे."

याच सुमारास सांगलीकडचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही विलीजची वॅगन. मूळ इंजिन धडधाकट, सांगाडा शाबूत, पण गाडी पावसात उभी राहिलेली; तळ गेलेला, मागचं दार गेलेलं, काचा फुटलेल्या. दोन अर्ध्या गाड्यांची एक होत होती. ते आमच्या गाडीची बॉडी, दारं आणि काचा नव्वद हजारांना मागत होते. धाकटा म्हणाला, पुण्याचा माणूस जास्त देतोय. थोरला फोनवरून म्हणाला, उलटं करा, त्यांचं इंजिन आपल्याकडे आणा. त्यावर सांगलीकर हसले, कारण तेही नेमकं हेच ऐकायला तयार होऊन आले होते.

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "पुण्याचा माणूस सोळा ठिकाणी विकंल. हा एका ठिकाणी बसवील. दे ह्याला." थोरला नाराज झाला, पण सात लाख कोणी द्यायचे या प्रश्नाला त्याच्याकडून उत्तर आलं नाही. काकूंनी फक्त कोंबड्यांचं विचारलं.

नव्वद हजार बॉडीचे. मॅटाडोरचं इंजिन वीस हजारांना गेलं. उरलेला सांगाडा साडेचारशे किलो भरला, त्याचे साडेतेरा हजार. एकूण एक लाख तेवीस हजार पाचशे. सव्वा लाखाला दीड हजार कमी पडले. म्हण करणाऱ्यानं भंगाराचा चालू भाव पाहिला नसावा. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवावं लागतं, म्हणून साताऱ्याच्या आरटीओला अर्ज मीच लिहिला. अण्णांनी सही केली आणि पुस्तक देताना तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "हे साल नीट लिही." धाकट्याच्या कर्जाचे दोन हप्ते त्याच आठवड्यात भरले गेले.

सांगलीकरांचा परवा फोन होता. दारं छान बसली, काचा बसल्या, फक्त मधली सीट सामानात आली नाही, यादीत तर आहे, तेवढी बघता का? मी धाकट्याला विचारायला त्याच्या आल्याच्या रानात गेलो. पंपाच्या खोलीत तो बसला होता. "कुठं गेली कुणास ठाऊक," तो म्हणाला, आणि मला बसायला जागा करून देण्यासाठी तिच्यावरच जरा सरकला.