पेव फुटले, पण पेव गेले कुठे?

१/ मुलुंड-घाटकोपर भागात सध्या व्हॅक्यूम पॅकिंग करून देणाऱ्या दुकानांचे पेव फुटले आहे. परदेशी निघालेल्या मुलांसाठी पुरणपोळी, लोणचे, भाजणी तिथे हवा काढून सीलबंद होते. घरातल्या गोधड्याही तशाच पिशव्यांत चपट्या होऊन माळ्यावर जातात. हा धागा मात्र पहिल्या वाक्यातील 'पेव' या शब्दाविषयी आहे.

२/ पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी खणलेले भुयारी कोठार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'पेंव' याच अर्थाने नोंदलेले आहे. साठवणीचा सारा ऐवज एकदम उघड्यावर यावा, हे 'पेव फुटणे' या वाक्प्रचारामागचे चित्र. आपण तो रोज वापरतो. मूळ वस्तू मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल.

३/ रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. घट्ट मातीत किंवा मुरुमात रांजणाच्या आकाराचा खड्डा खणायचा. तोंड एका माणसापुरते अरुंद, पोट रुंद. आत जाळ करून भिंती वाळवायच्या, शेणमातीने लिंपायच्या, कडब्याचे किंवा भुसकटाचे अस्तर द्यायचे. मग धान्य भरून तोंडावर फरशी ठेवायची आणि ती मातीने बंद करायची.

४/ यंत्राशिवाय आतली हवा कशी 'निघते'? धान्याचा दाणा वाळला तरी जिवंत असतो. तो मंद गतीने श्वसन करतो. सोबतचे किडे आणि बुरशीही प्राणवायू वापरतात. बंद जागेतील प्राणवायू घटत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि शेवटी किडेच गुदमरतात. पिशवीतील हवा यंत्र ओढून घेते. पेवात हवा तेवढीच राहते, तिची घडण बदलते.

५/ म्हणूनच पेव उघडणे जोखमीचे होते. तोंड उघडून बराच वेळ थांबायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. ज्या हवेने किडा मरतो, त्याच हवेने घाईने उतरलेला माणूसही मरतो. बियाण्याचे धान्य पेवात ठेवत नसत. ते राखेत मिसळून मडक्यात वेगळे राही.

६/ ही परंपरा किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १४०० ते १००० या आद्य जोर्वे काळातील वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे मिळाले. पाच खोल्यांचे एक मोठे घर मिळाले आणि त्याला लागूनच धान्यकोठार. ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत.

७/ येथे क्षणभर थांबावे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात राजवाडा नव्हता, शिलालेख नव्हता. तरीही सत्ता कोणाकडे होती, हे धान्यकोठाराच्या जागेवरून ओळखता येते. साठा ज्याच्या दाराशी, त्याचा शब्द गावात चाले. पुढचा इतिहास वाचताना हे सूत्र हाताशी ठेवा.

८/ पंधराव्या शतकातील मंगळवेढा. बिदरच्या बहमनी सत्तेचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी प्रजेसाठी खुली केली, अशी कथा आहे. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) ती सविस्तर येते. बादशहाने जाब विचारला, तेव्हा विठू महाराच्या रूपात विठ्ठलानेच धान्याची किंमत भरली, असे कथा सांगते.

९/ चमत्काराचा भाग श्रद्धेचा. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यामागची स्मृती मोलाची वाटते. धान्य होते, पण ते बंद होते. लोक उपाशी होते आणि कोठार उघडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. दुष्काळ केवळ पाऊस न पडल्याने होत नाही, हे त्या कथेला ठाऊक आहे. आणि किंमत भरायला देव आला तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वेशात.

१०/ शिवकाळात या प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. १६७० च्या दशकातील, चिपळूण परिसरातील लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले शिवाजी महाराजांचे पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणागवत आताच उधळले, तर पुढे लष्कर रयतेच्या घरात हात घालील, हा त्यातील इशारा. उंदराने पेटती वात नेली तर गवत जळेल, इतक्या बारकाईची काळजी त्यात आहे.

११/ गडांवर मात्र बहुधा पेवे नव्हे, कोठारे. कातळात खोल पेव खणणे सोपे नाही. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे जमिनीवर आहेत; जाड भिंती, वर कमानदार छत. धान्यगृहांना आग, उंदीर, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊ नये, ही चिंता रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही आढळते.

१२/ मग आपल्या उपनगरांत, म्हणजे जुन्या साष्टीत, पेवे का नव्हती? कारण पाऊस आणि उथळ भूजल. अंधेरी-बोरिवलीच्या जागी भातशेते होती, तेव्हा खड्ड्यातील भात पहिल्याच पावसाळ्यात कुजले असते. कोकणपट्टीत म्हणून शेणाने सारवलेली बांबूची कणगी आली, पेंढ्याने आवळून बांधलेला मुडा आला. साठवणीची पद्धत जमीन ठरवते.

१३/ देशावर पेव अगदी अलीकडेपर्यंत टिकले. सर्वांत प्रसिद्ध सांगलीजवळच्या हरिपूरची, कृष्णा-वारणा संगमाकाठची. तिथे धान्य नव्हे, हळद ठेवत. तिथली घट्ट माती पेवांना फार मानवली. हळद अनेक वर्षे किडीविना राही, रंग टिके. सांगलीच्या हळदपेठेच्या भरभराटीत या पेवांचा मोठा वाटा होता.

१४/ आता २००५. २६ जुलैला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्रीच्या आठवणी अंधेरी-घाटकोपरच्या प्रत्येक घरात आहेत. त्याच पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले. अनेक पेवे हळदीसकट निकामी झाली. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेवांचे युग सरत आले होते.

१५/ तत्त्व मात्र संपलेले नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी तीन थरांची हवाबंद पोती विकसित केली. कीटकनाशक नाही, यंत्र नाही. आत कोंडलेली हवाच किडे मारते. पेव जणू पाठीवर उचलून नेता येईल असे झाले.

१६/ घरी व्हॅक्यूम पिशवी वापरणाऱ्यांसाठी पेवाचा एक धडा. पेवात जाई ते वाळवलेले. ओलसर अन्नाची हवा काढली तरी प्राणवायूविना वाढणारे काही जीवाणू जगतात. बॉट्युलिझमचे जीवाणू त्यांतलेच. म्हणून शिजवलेला पदार्थ सीलबंद केला तरी शीतकपाटातच ठेवावा. भाजणी आणि भाजी यांना एकच न्याय लावू नये.

१७/ इनामगावचे खड्डे, मंगळवेढ्याची कोठारे, हरिपूरची पेवे आणि आपल्या माळ्यावरची पिशवी: उद्याची चिंता सगळीकडे तीच. फरक मालकीचा आहे. पेवाभोवती खणणारे, लिंपणारे, राखणारे लोक होते. त्यावरून भांडणेही होत आणि दुष्काळात लोक त्याच्याच तोंडाशी जमत. पिशवी एका घरापुरती असते. ती कोणाला उघडून मागता येत नाही.

१८/ शेवटी एक विनंती. तुमच्या आजोळी पेव, बळद किंवा कणगी असेल, तर या सुट्टीत तिचा फोटो काढा, मापे घ्या. ती कोण भरत असे, कोण उघडत असे, हे आजी-आजोबांना विचारा आणि इथे खाली लिहा. ज्यांनी पेवात उतरून पाहिले आहे, त्या पिढीला विचारण्यासाठी आता फार वर्षे उरलेली नाहीत.