निशांत विमानाचे वांकेल इंजिन

भारतीय लष्करासाठी बनवलेल्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाकरिता देशात तयार झालेले 55 अश्वशक्तीच्या वर्गातील फिरत्या रोटरचे पेट्रोल इंजिन. हे इंजिन तीन संस्थांनी मिळून घडवले: बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा (एनएएल), बंगळुरूचीच वैमानिकी विकास आस्थापना (एडीई) आणि अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास आस्थापना. या शेवटच्या संस्थेला नगरमध्ये सगळे ‘व्हीआरडीई’ म्हणूनच ओळखतात. इंजिनाचे वजन सुमारे 30 किलो असून विमानात त्याचे पहिले उड्डाण 5 एप्रिल 2009 रोजी झाले.

निशांतचे काम त्याआधी बरीच वर्षे चालू होते. लष्कराने आपल्या गरजा 1990 मध्ये लेखी मांडल्या आणि विमान 1995 मध्ये प्रथम उडाले. शत्रूच्या हालचाली टिपणे, लक्ष्य हेरणे आणि तोफांच्या माऱ्यात दुरुस्ती सुचवणे ही त्याची कामे होती. जमिनीवरचा चालक रेडिओ संदेशांनी त्याचे नियंत्रण करत असे. विमानाला चाके नव्हती. टाट्रा ट्रकवर बसवलेल्या द्रव-वायुदाबाच्या प्रक्षेपकातून ते हवेत फेकले जाई आणि काम संपल्यावर हवाई छत्री व पोटाखालच्या हवेच्या पिशव्यांच्या आधाराने खाली येई. हा प्रक्षेपक पुण्याजवळच्या दिघीतील संशोधन व विकास आस्थापनेने (अभियंते) तयार केला. म्हणजे निशांतच्या घडणीतील दोन महत्त्वाचे भाग महाराष्ट्रातून आले आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

सांगाडा, नियंत्रणप्रणाली आणि प्रक्षेपक देशी असले तरी विमान चालवणारे इंजिन परदेशातून आणावे लागे. छोट्या वैमानिकरहित विमानांच्या बाबतीत ही अडचण जगभर दिसते. मोटारसायकलचे इंजिन ताकदीला पुरते, पण वजनाला भारी पडते. मोठ्या विमानाचे इंजिन तर बसवण्याचा प्रश्नच नसतो. मधल्या वर्गातली हलकी, भरवशाची इंजिने मोजकेच उत्पादक बनवतात.

अशा जागी वांकेल इंजिन का निवडले जाते, हे त्याच्या रचनेवरून कळते. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल याच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीत घडवलेले पहिले इंजिन 1957 मध्ये चालले. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि भुजादंड त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. वांकेल इंजिनात दट्ट्याच नसतो. किंचित फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर मधे चिमटलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो. त्याची तिन्ही टोके कायम भिंतीला टेकलेली असल्याने तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात मिश्रण आत येणे, दाबले जाणे, जळणे व धूर बाहेर जाणे ही चारही कामे क्रमाने होतात. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. झडपा नाहीत, मागे-पुढे झेपावणारे जड भाग नाहीत, त्यामुळे वजनाच्या मानाने ताकद जास्त आणि कंपने कमी. निशांतच्या पोटाखाली कॅमेरे असत. इंजिन थरथरले तर चित्रही थरथरते, म्हणून हा गुण इथे विशेष मोलाचा होता. रेडिओ नियंत्रित छंदाच्या विमानांच्या जगातही या रचनेचे आकर्षण होते: जर्मनीची ग्राउप्नर आणि जपानची ओएस या कंपन्यांनी 1970 च्या सुमारास सुमारे 5 घन सेंटीमीटरचे वांकेल इंजिन बाजारात आणले होते.

दोषही तितकेच पक्के आहेत. पोकळीच्या एकाच बाजूला नेहमी जळण होते, त्यामुळे ती बाजू तापते आणि दुसरी थंड राहते. रोटरच्या टोकांवरील सील सतत भिंतीवर घासतात. सील झिजले की दाब गळतो, इंधन वाया जाते आणि ताकद घटते. एनएसयूच्या 1967 मधील आरओ 80 या मोटारीला याच दुखण्याने बदनाम केले. म्हणून या इंजिनात खरी कसोटी भिंतीच्या लेपाची असते. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अतिकठीण कण मिसळून तयार केलेला लेप ही झीज बरीच रोखतो. निशांतच्या इंजिनासाठी हा लेप आणि खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतीव भाग एनएएलने विकसित केले. इंजिनाचा गाभा त्यांच्याकडे होता असे म्हणायला हरकत नाही.

व्हीआरडीईकडे प्रज्वलन, इंधनपुरवठा आणि त्यासारख्या जोडयंत्रणा आल्या. चिलखती गाड्या आणि लष्करी ट्रक यांच्यावर काम करणाऱ्या या संस्थेला इंजिन चाचणीपाटावर तासन्‌तास चालवून त्याचे दोष काढण्याचा अनुभव होता. गाडीत ठिणगी चुकली तर चालक रस्त्याच्या कडेला थांबतो. वैमानिकरहित विमानात कडेला थांबण्याची सोय नसते. उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि इंधन-हवेचे प्रमाण बदलावे लागते, तेही आत कोणी नसताना. जोडयंत्रणांचे हे काम गाभ्याइतकेच नाजूक आहे. उड्डाण चाचण्यांची जबाबदारी एडीईकडे होती.

जमिनीवरच्या दीर्घ सहनशक्ती चाचण्यांनंतर प्रमाणन यंत्रणेने उड्डाणाला तात्पुरती परवानगी दिली. चाचणी कर्नाटकातील कोलारजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील, वापरात नसलेल्या धावपट्टीवरून पहाटे झाली. विमान 1.8 किलोमीटर उंचीवर गेले, 35 मिनिटे तेथे उडत राहिले आणि एकूण 40 मिनिटांनी एका कोरड्या तलावात ठरल्या जागी सुखरूप उतरले. पूर्णपणे भारतात आरेखित व विकसित झालेले वांकेल इंजिन हवेत जाण्याची ही पहिली वेळ होती.

आयात केलेल्या इंजिनाची जागा घेण्याचा हेतू मात्र मोठ्या प्रमाणावर साधला नाही, कारण विमानाचीच संख्या वाढली नाही. लष्कराला मिळालेली चारही निशांत विमाने अपघातांत गेली आणि 2015 मध्ये लष्कराने पुढील खरेदी थांबवली. चाके असलेली ‘पंछी’ ही आवृत्ती 24 डिसेंबर 2014 रोजी उडाली होती. व्हीआरडीईचा हवाई इंजिनांशी आलेला संबंध यानंतरही तुटला नाही: दीर्घकाळ उडणाऱ्या ‘तापस’ या मोठ्या वैमानिकरहित विमानासाठी 180 अश्वशक्तीचे इंजिन विकसित करण्याचे काम अहमदनगरच्या याच संस्थेने हाती घेतले.