नॅन्सी लिबरमन आणि पदनामांचा प्रश्न

पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील स्त्रियांविषयी लिहिताना ‘पहिली’ हे विशेषण फार सैलपणे योजिले जाते. नॅन्सी लिबरमन ह्यांचीच कारकीर्द पाहावी. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघात त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. १९८६ मध्ये त्या पुरुषांच्या एका व्यावसायिक संघातूनही खेळल्या. २०१०-११ च्या हंगामात ‘टेक्सास लेजंड्स’ ह्या संघाच्या त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि पुढे त्याच संघाच्या साहाय्यक महाव्यवस्थापक. एन.बी.ए.शी संलग्न पुरुष-संघाला स्त्री मुख्य प्रशिक्षक लाभली ती येथे प्रथम. परंतु हा संघ एन.बी.ए.च्या दुय्यम, होतकरू खेळाडूंच्या स्पर्धेतील होता. २०१५ मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जच्या निमित्ताने त्या प्रत्यक्ष एन.बी.ए.त आल्या, तेव्हा पदनाम ‘साहाय्यक प्रशिक्षक’ असे झाले. स्पर्धेची पायरी चढली, अधिकाराची उतरली! भाषाभ्यासकाला हा विशेषणांचा व्यवहार बोलका वाटतो. बेकी हॅमन ह्यांना २०१४ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सने नेमले तेही साहाय्यक म्हणूनच. ३० डिसेंबर २०२० रोजी मुख्य प्रशिक्षकांना पंचांनी बाहेर काढल्यामुळे उर्वरित सामन्यापुरती सूत्रे त्यांच्याकडे आली. लिबरमन ह्यांना ‘मुख्य’ हे विशेषण पुन्हा लाभले ते २०१८ मध्ये, एन.बी.ए.बाहेर, तीन-तीन खेळाडूंच्या ‘बिग थ्री’ स्पर्धेत. त्याच वर्षी त्यांच्या ‘पॉवर’ संघाने अजिंक्यपद पटकाविले.